मूळ नावावर नाव ठेवू नका

कन्हानला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. शिष्यवृत्तीच्या दिवसांत कांद्रीपासून मुलं येतात. मार्कशीट ३०० डीपीआयला स्कॅन केली की पीडीएफ दोन-तीन एमबीची होते, आणि साइट २५६ केबीच्या वर घेत नाही.

माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू आहे. त्यातला घोस्टस्क्रिप्ट पानं १५० डीपीआयवर आणून फाइल बारीक करतो. पण टर्मिनलवर त्याची कमांड ओळभर लांब, आणि एक डॅश सुटला की पुन्हा पहिल्यापासून.

आधी मी एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव, करून पाहिलं. पण एलियसमध्ये फाइलचं नाव शेवटीच जोडलं जातं. मला ते दोनदा हवं होतं, मूळ फाइलसाठी आणि बारीक प्रतीसाठी. मग होम फोल्डरमध्ये 'बिन' फोल्डर करून त्यात चार ओळींची स्क्रिप्ट ठेवली. असा फोल्डर असला तर उबुंटू लॉगिनच्या वेळी त्याला 'पाथ'च्या, म्हणजे कमांड जिथे शोधली जाते त्या फोल्डरांच्या, यादीत पुढे लावतो. स्क्रिप्टला मी घोस्टस्क्रिप्टच्या मूळ कमांडचंच नाव दिलं: 'जीएस'.

शेवटच्या तारखेला ती पहिल्यांदा चालवली आणि माउससुद्धा हलेना. स्क्रिप्टच्या आतलं 'जीएस' कमांडी चालवणाऱ्या शेलने पुन्हा पाथमध्ये शोधलं, तर पहिली सापडली तीच स्क्रिप्ट. ती स्वतःलाच बोलावत राहिली आणि मेमरी भरली. समोरची मुलगी म्हणाली, "भाऊ, आज शेवटची तारीख हाय ना?" तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

बटण दाबून मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. स्क्रिप्टमध्ये घोस्टस्क्रिप्टचा 'यूएसआर-बिन'पासूनचा पूर्ण पत्ता लिहिला आणि तिचं नाव बदलून 'लहान' ठेवलं. फाइलच्या नावात जागा असली की त्याचे दोन तुकडे पडत, म्हणून ते अवतरणचिन्हांत घातलं. मुलीचा फॉर्म त्याच संध्याकाळी गेला.

आता दुकानात काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी 'टाइप डॅश ए' शिकवतो. एखाद्या नावामागे काय काय दडलंय ते ही कमांड क्रमाने दाखवते: आधी एलियस, मग फंक्शन, मग शेलची स्वतःची कमांड, आणि शेवटी पाथमधल्या फोल्डरांतले प्रोग्रॅम. आपल्या सोयीच्या कमांडी जरूर करा. पण त्यांना नवं नाव द्या, आणि गर्दीच्या दिवसाआधी एका रिकाम्या फाइलवर चालवून बघा.