हृदयाच्या भयाविषयी भाचीस

चि. सौ. ताईस,

तुझे पत्र पावले, आणि सोबत पाठविलेल्या तपासण्यांच्या प्रतीही मिळाल्या. रात्री डाव्या कुशीवर निजले की छातीत धडधड सुरू होते, मध्येच एखादा ठोका चुकतो, पाठोपाठ बोटांना मुंग्या येतात, आणि ‘आता सारे संपले’ अशी खात्री पटून अंगाला दरदरून घाम फुटतो, हा सर्व तपशील तू इतक्या बारकाईने लिहिला आहेस की, आयुष्यभर रोग्यांच्या कैफियती ऐकत आलेल्या माझ्यासारख्या डॉक्टराला त्यात संदिग्ध असे काही उरले नाही. घरची मंडळी ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस’ असे म्हणतात, असेही तू लिहितेस. त्यांचा हेतू मायेचा आहे, हे मी जाणतो. पण त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. ठोका चुकतो तो खरोखर चुकतो आणि मुंग्या येतात त्या खरोखर येतात. भय हा केवळ मनाचा व्यापार नव्हे, तो सबंध देहाचा व्यापार आहे, आणि जी वेदना प्रत्यक्ष घडते तिला खोटी ठरविण्याचा अधिकार कोणालाच नाही.

त्या चुकलेल्या ठोक्याविषयी आधी सांगतो, कारण तुझी झोप त्यानेच हिरावली आहे. आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा आकुंचन पावते. त्यांतला एखादा ठोका नेमल्या वेळेच्या आधीच पडतो. त्या क्षणी हृदयात रक्त पुरते भरलेले नसल्यामुळे तो मनगटाशी पोचत नाही, आणि बोट नाडीवर असले तर ठोका गळालाच असे वाटते. त्यानंतर किंचित दीर्घ विराम पडतो, त्या विरामात नेहमीपेक्षा अधिक रक्त जमा होते, आणि मग जो ठोका पडतो तो भरदार असल्यामुळे छातीला आतून धक्का बसल्यासारखा वाटतो. ज्याला तू बिघाड समजतेस तो धक्का वस्तुतः हृदयाने आपली लय पुन्हा धरल्याचा आहे. चोवीस तास हृदयाची नोंद ठेवणारे यंत्र निरोगी माणसांच्या अंगावर बांधून पाहिले असता त्यांपैकी पुष्कळांच्या नोंदीत असे अकाली ठोके सापडतात, आणि बहुतेकांना त्यांची वार्ताही नसते. डाव्या कुशीवर हृदयाचे टोक छातीच्या भिंतीला अधिक भिडते, घरात सामसूम झालेली असते, आणि दिवसभर दहा कामांत वाटले गेलेले चित्त त्या एका ठिकाणी एकवटते; म्हणून रात्रीच.

मुंग्यांची गोष्ट याहून सरळ आहे. भीतीने श्वास जलद व उथळ होतो, त्यामुळे शरीराला जेवढा कर्बवायू राखावयाचा असतो तेवढा राहत नाही, रक्ताची आम्लता घटते, आणि बोटांना व ओठांभोवती मुंग्या येणे, डोके हलके होणे, छाती आवळल्यासारखी वाटणे हे सारे त्यामागून ओळीने येते. मग त्या मुंग्याच तुला नव्या संकटाची वर्दी वाटतात, भय वाढते, श्वास आणखी जलद होतो. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली या चक्राची नेमकी मांडणी केली: देहात काही निरुपद्रवी संवेदना उठते, मन तिचा अर्थ ‘मृत्यू’ असा लावते, आणि त्या अर्थानेच ती संवेदना दुणावते. एकदा उसळलेली ही लाट बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचते व मग आपण होऊन ओसरते, तिला कोणी ओसरविण्याची गरज नसते.

हे भय कोठून आले, ते तू लिहिले नाहीस; पण मला ठाऊक आहे. तुझे बाबा गेले त्या पहाटेपासून तू स्वतःच्या छातीकडे कान लावून आहेस. चरकसंहितेत रोग वाढविणाऱ्या कारणांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे, आणि दुःखाला वाट न मिळाली म्हणजे ते देहात कसे घर करते याचे प्रत्यंतर मला दवाखान्यात पुनःपुन्हा आले. तरीही एक गोष्ट तू नीट ध्यानात घे. बाबांना जिना चढताना छातीत दाब यायचा, थांबले की जायचा, पुन्हा चढले की यायचा, आणि ते त्याला ‘पित्त’ म्हणून सोडा घ्यायचे. त्यांना मधुमेह होता, आणि सिगारेट अखेरपर्यंत सुटली नाही. ते आपल्या दुखण्याकडे पाहायलाच तयार नव्हते. तुझे दुखणे निराळे आहे: ते स्वस्थ पडून असताना येते, कामात असताना नाहीसे होते, आणि तुला त्यावाचून दुसरीकडे पाहता येत नाही. एकाच घरातली दोन हृदये, पण व्याधी एक नव्हे.

या वाटेने तुझ्या आधी पुष्कळ माणसे गेली आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात जेकब मेंडेस डा कोस्टा नावाचे वैद्य होते. त्यांच्याकडे तरणेताठे शिपाई येत: धडधड, छातीत कळा, दम लागणे, चक्कर, आणि छातीला कान लावून पाहावे तर बहुतेकांच्या हृदयात त्या तक्रारींना साजेसा दोष म्हणून आढळू नये. १८७१ साली त्यांनी या रुग्णांवर जो निबंध प्रसिद्ध केला त्यामुळे या अवस्थेला त्यांचेच नाव चिकटले. लोक तिला ‘सैनिकाचे हृदय’ असेही म्हणत. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये अशाच सैनिकांची रीघ लागली, तेव्हा थॉमस लुईस यांनी त्यांना महिनोन्महिने अंथरुणात ठेवण्याची रूढ पद्धत मोडून क्रमाक्रमाने वाढत जाणारा व्यायाम दिला आणि त्यांतील अनेकांना कामावर रुजू करून दाखविले. मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. विश्रांतीने जे भय पुष्ट होत होते ते श्रमाने उतरले. १९४१ साली पॉल वुड यांनी या व्याधीचे मूळ हृदयात नसून भयात आहे असे स्पष्ट प्रतिपादन केले. आणि १९५० साली बॉस्टनचे पॉल डडली व्हाइट व त्यांचे सहकारी यांनी अशा १७३ रुग्णांचा वीस वर्षांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या आयुर्मानात या दुखण्यामुळे काही उणे पडल्याचे दिसून आले नाही. त्यांची धडधड बहुतांशी राहिली होती, आणि ती धडधड घेऊनच ती माणसे जगली, हे मी मुद्दाम लिहितो. लुईस यांना स्वतःला मात्र १९२७ साली खराखुरा हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी धूम्रपान सोडले आणि त्यानंतर १९४५ पर्यंत त्यांचे संशोधन चालू होते. म्हणजे ज्या गोष्टीला तू शेवट समजतेस ती घडूनही माणसाच्या हातून अठरा वर्षांचे काम होऊ शकते.

मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवीत असताना मामलेदार कचेरीतले एक अव्वल कारकून माझ्याकडे येत. मोठा काटेकोर आणि सज्जन माणूस. गावोगावच्या डॉक्टरांकडे काढलेले कार्डिओग्राम त्यांनी तारीखवार लावून, कचेरीतले जुने कागद जसे बांधतात तसे, तांबड्या रुमालात बांधून ठेवले होते. रुमालाची गाठ सोडायची, पट्ट्या टेबलावर पसरायच्या, आणि मागच्या पट्टीतली एखादी रेघ या पट्टीत किंचित आखूड का, असे घाबऱ्या आवाजात विचारायचे. मी ‘सर्व ठीक आहे’ म्हटले की चेहरा उजळे. दोन दिवसांनी पुन्हा रुमाल काखेत मारून हजर. परंतु जमाबंदीच्या दिवसांत, म्हणजे जेव्हा त्यांना उन्हातान्हात गावे पालथी घालावी लागत आणि रात्री उशिरापर्यंत हिशेब तपासावे लागत, तेव्हा ते कधी फिरकत नसत. दुखऱ्या हृदयाला ते श्रम सोसले नसते, आणि भ्यालेल्या मनाला त्या दिवसांत भिण्याची सवड नसे. डॉक्टरांकडून खातरजमा करून घेणे म्हणजे सावकाराकडून कर्ज काढण्यासारखे आहे: आजची नड भागते, पण व्याज चढत राहते, आणि पुढल्या खेपेस अधिक रक्कम लागते. म्हणून एके दिवशी आम्ही दोघांनी मिळून ठरविले की, रुमाल माझ्या कपाटात राहील, नवी तक्रार उद्भवल्याखेरीज वर्षभर कार्डिओग्राम काढायचा नाही, आणि नाडी पाहण्याची ओढ अनावर झाली तर आधी घटकाभर थांबायचे. पहिले काही दिवस त्यांना फार जड गेले. दाराशी येत, बाकावर बसत आणि न विचारता परत जात. पुढे घटकेचे दोन तास झाले, मग संध्याकाळवर गेले. ठोके चुकायचे थांबले नाहीत. पण ते सुखाने पेन्शनीत गेले, आणि त्यानंतर माझ्याकडे येत ते चहाला आणि गप्पांना.

आता तुझ्या विनंतीकडे वळतो. ‘मामा, मला काही होणार नाही, असे एकदा लिहून द्या’ असे तू मागितले आहेस. तो दाखला मी देणार नाही. तुझ्या तपासण्या मी दोनदा वाचल्या: कार्डिओग्राम, टूडी इको, ट्रेडमिलवरील चाचणी, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सर्व यथास्थित आहे, आणि हे मी येथे एकदाच लिहितो. परंतु उद्याचा हवाला कोणत्याही मनुष्याला देता येत नाही. मी दिला तरी तुझी शंका तो रात्रीत खाऊन टाकील आणि सकाळी नवा मागेल. तुला उत्तराची नव्हे, तर अनुत्तरित प्रश्न उशाशी ठेवून निजण्याच्या सवयीची गरज आहे, आणि ती सवय सावकाशीने लागते. धडधड सुरू झाली की तिला घालविण्याच्या खटपटीला लागू नकोस. श्वास हळू सोड, हातातले काम चालू ठेव, आणि ती येऊन जाऊ दे. रात्री फोनवर लक्षणे शोधणे बंद कर. हे एकटीने जमेना तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात तिळमात्र कमीपणा मानू नकोस, कारण या भयावर खात्रीचे उपचार आहेत. केंद्र शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

एक ताकीद मात्र देतो, कारण निर्भय होणे म्हणजे बेफिकीर होणे नव्हे. श्रमाने येणारा आणि थांबताच जाणारा छातीतला दाब. काही मिनिटांत न हटणारी, घाम, मळमळ किंवा दम यांसह आलेली, जबड्याकडे वा हाताकडे पसरणारी कळ. धडधडीसह शुद्ध हरपणे: यांपैकी काहीही झाले तर विचार करीत बसू नकोस, मला पत्र लिहू नकोस, १०८ ला फोन कर आणि इस्पितळ गाठ. बाबांचा वारसा लक्षात घेऊन वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि रक्तातील चरबी पाहून घे. तारीख आताच मुक्रर कर, आणि मधल्या काळात त्या विषयाला हात लावू नकोस.

येत्या रविवारी पर्वती चढून ये. मनगटावर नाडीचे आकडे दाखविणारे ते घड्याळ घरी ठेव, आणि पायऱ्यांवर छाती धडधडली तर धडधडू दे, चढणाऱ्या माणसाच्या हृदयाने तेच करावयाचे असते. जावईबापूंनाही बरोबर ने, पण ‘मी ठीक दिसते ना?’ असे त्यांना वाटेत विचारू नकोस. आईला सांग की मी दिवाळीला येतो आहे. तेव्हा बाबांच्या आठवणी काढून आपण सगळे मिळून एकदा पोटभर रडू, ते अजून राहिले आहे.

लहानांस आशीर्वाद, वडीलधाऱ्यांस नमस्कार.

तुझा,
मामा