पाच वाजताची भूक

सायंकाळचे पाच वाजले, की माझ्यातला सज्जन माणूस उठून फिरायला जातो आणि त्याच्या जागी दुसराच कोणी येऊन बसतो. हा दुसरा गृहस्थ स्वयंपाकघरात फार हलक्या पावलांनी वावरतो. कोणत्या डब्याचे झाकण वाजते आणि कोणत्याचे वाजत नाही, हे त्याला तोंडपाठ आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तो पकडला गेला. सहा वर्षांची नात दारात उभी होती आणि माझ्या तोंडात अख्खा बेसनाचा लाडू होता. "आजोबा, तुम्हांला तर बंदी आहे ना?" तिने विचारले. बोलायला तोंड मोकळे नव्हते, म्हणून मी नुसती मान हलवली.

बंदी खरीच होती. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ७.९ आला, त्या दिवशी घरी येऊन मी प्रतिज्ञा केली होती: पोळी नाही, भात नाही, साखर नाही. यात नवे काहीच नव्हते. लंडनमध्ये अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणाऱ्या विल्यम बँटिंग नावाच्या लठ्ठ गृहस्थाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाव, साखर, बटाटे आणि बीअर सोडली, वजन उतरवले आणि १८६३ साली त्यावर एक पुस्तिकाच छापली. ती इतकी गाजली, की स्वीडिश भाषेत वजन उतरवण्यासाठी कमी खाण्याला आजही 'बांता' म्हणतात. बँटिंगसाहेबांना जमले, मग मला का जमू नये?

दिवसभर जमेही. सकाळी दोन अंडी, दुपारी नुसती भाजी आणि ताक. पाचपर्यंत मी ऋषी असे. पाचनंतर मात्र घरातला प्रत्येक डबा मला नावाने हाक मारी.

आमच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत. मी कबुलीजबाब दिला, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, काय खाता ते समजलं. आता आठवडाभर केव्हा खाता, तेवढं लिहून आणा."

मी प्रामाणिकपणे लिहिले. आठवड्याच्या शेवटी वही पाहिली आणि माझा मीच चकित झालो. सगळ्या चोऱ्या दोनच वेळी झाल्या होत्या: सायंकाळी पाच ते सहा आणि रात्री अकराच्या सुमारास. त्यातही, ज्या दिवशी दुपारी मी धान्याचा कणही घेतला नव्हता, त्याच दिवशी डबे जास्त उघडले होते. दुपारच्या पुण्याईचे व्याज मी संध्याकाळी दामदुपटीने वसूल करीत होतो!

"एक भाकरी दुपारीच खा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण जेवणाच्या शेवटी." यालाही आधार आहे. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१५ साली मधुमेही माणसांना तेच जेवण दोन क्रमांनी खायला दिले. कोंबडी आणि भाज्या आधी, पाव मागून, असे खाल्ले, तेव्हा जेवणानंतरची साखर पुष्कळ कमी चढली. रिकाम्या पोटी गेलेला लाडू धावत रक्तात उतरतो. कोशिंबीर आणि पनीर पुढे बसलेले असले, म्हणजे त्याला रांगेत उभे राहावे लागते.

तेव्हापासून आमच्या घरी एक वाजता कोशिंबीर, पालेभाजी आणि पनीर. मग एक ज्वारीची भाकरी. गोड खायचेच असेल, तर त्या दिवशी अर्धीच भाकरी आणि लगेच तो चतकोर तुकडा. पाच वाजता मूठभर शेंगदाणे आणि बिनसाखरेचा चहा. पहिले पंधरा दिवस तो दुसरा गृहस्थ येऊन बसे. पुढे त्याच्या खेपा कमी झाल्या. मला वाटते, त्याला 'नाही' या शब्दाचा राग होता. 'आत्ता नाही, उद्या एक वाजता' असे सांगितले, की तो कुरकुरत का होईना, परत जाई. सहा महिन्यांनी आकडा ६.८ आला.

हे शहाणपण आमच्या आईपाशी होतेच. फराळाचे डबे आठ दिवस आधी भरत, घरभर तुपाचा वास दरवळे. पण अभ्यंगस्नान होऊन देवापुढे नैवेद्य ठेवल्याखेरीज चकलीचा तुकडाही मिळत नसे. आम्ही भावंडे कुरकुरत होतो, पण चोरी करीत नव्हतो. कारण वेळ ठरलेली होती आणि ती येणार याची खात्री होती.

त्या पहाटे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडण्याचा पहिला मान दादाचा. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यालाही साखर, त्यानेही 'नाही'ची प्रतिज्ञा अनेकदा केली आणि अनेकदा रात्री मोडली. तीन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. गेल्या नरकचतुर्दशीला त्याने काठी टेकून चपलेच्या टाचेने कारीट फोडले. कोणी काही बोलले नाही. वहिनींनी कुंकवाचे बोट लावले आणि त्या लगबगीने आत गेल्या.

माझी वही पाहून दादा म्हणाला, "उद्यापासून मीही तुझ्यासारखंच करतो." मी त्याला थांबवले. तो इन्सुलिन घेतो. मात्रा तीच ठेवून भाकरी-भात कमी केला, तर साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतायची. "आधी डॉक्टरांना विचार, दादा," मी म्हणालो. धाकट्या भावाचे त्याने आयुष्यात प्रथमच ऐकले. आता त्याची मात्राही डॉक्टरांनी बसवून दिली आहे आणि जेवणाची वेळही.

यंदा पाडव्याला तो आमच्याकडे जेवायला येणार आहे. सौभाग्यवतींनी अनारसे केले आहेत. त्यातला एक आम्हां दोघांत अर्धा-अर्धा वाटायचा, जेवणाच्या शेवटी. डब्याची किल्ली नातीकडे आहे. परवा सव्वापाचला मी सहज स्वयंपाकघरात डोकावलो, तर ती घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबा, आत्ता नाही."

आवाज थेट आईचा होता.