केमचें कुंकू आणि मलायी तबक

पुण्याहून सोलापूरकडे जातांना जेऊर गेलें कीं कुर्डुवाडीच्या अलीकडे केम हें लहानसें स्टेशन लागतें. करमाळा तालुक्यांतील हें गांव उत्तरेश्वराचें. परंतु महाराष्ट्रांतील बायका त्याला ओळखतात त्या कुंकवामुळें. गेल्या पौषांत मी तेथें उतरलों तो एका मलायी पानदानाच्या निमित्तानें, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल.

आमचा पुतण्या कांहीं वर्षें क्वालालंपुरास होता. तो परतला तेव्हां शेजारच्या मलायी कुटुंबानें त्याला पितळेचें नक्षीदार ‘तेपाक सिरिह’ भेट दिलें. सिरिह म्हणजे नागवेलीचें पान. पानांना एक कप्पा, शेजारीं सुपारी, चुना, लवंग आणि गंबीर यांच्या झांकणाच्या वाट्या, शिवाय अडकित्ता. गंबीर हा एका वेलीच्या पानांचा अर्क. आपल्या काताचा धाकटा भाऊच म्हणाना! सुपारीला ते लोक पिनांग म्हणतात. त्या नांवाचें बेट तर प्रसिद्धच आहे, आणि मुलीला मागणी घालण्याचें त्यांचें क्रियापदहि ‘मेमिनांग’. मलायी सुलतानांच्या दरबारीं परक्या वकिलापुढें असें तबक येई, आणि मानाची भेट म्हणून तें परदेशींहि जाई.

आपल्याकडे तरी निराळें काय होतें? १४४३ सालीं शाहरुखचा वकील अब्दुर रझ्झाक विजयनगरास आला, तेव्हां राजाच्या भेटीनंतर त्याला विडे, कापूर आणि नाण्यांची थैली मिळे. पेशव्यांच्या दरबारीं अत्तरगुलाब, पानसुपारी झाली कीं पाहुण्यानें समजून उठावयाचें.

घरांत सर्वांनीं त्या तबकाचें कौतुक केलें. वहिनींनीं मात्र तें मुकाट्यानें फडताळांत ठेविलें. आमचे दादा पानाचे भारी षोकी. तंबाखूवांचून त्यांचा विडा होत नसे, आणि तोंडाच्या कर्करोगानेंच ते गेले. तंबाखू नसलेला विडा आणि नुसती सुपारीसुद्धां कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनें २००४ सालीं दिला, हें पुतण्यानें वाचून दाखविलें. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “आम्हांला फार उशिरां कळलें.”

मग एके दिवशीं त्याच मला म्हणाल्या, “भावोजी, सूनबाईचें पहिलें हळदीकुंकू रथसप्तमीला करूं. केमहून कुंकू आणाल?”

केमच्या दुकानदारानें माझ्या तळहातावर चिमूटभर हळद ठेविली, दोन थेंब पाणी घातलें आणि चुन्याचें बोट फिरविलें. पाहतां पाहतां पिवळ्याचें तांबडें झालें. “हीच जुनी कृति,” तो म्हणाला. आतां दळण्यास यंत्रें आलीं आहेत. पंढरपूर, तुळजापूरच्या बाजारांत येथलाच माल जातो. मी मात्र हाताकडे पाहत राहिलों. दादांचा विडा ज्या चुन्यानें रंगे, त्यानेंच हें कुंकू रंगलें होतें. प्रवासभर तो डाग मीं धुतला नाहीं.

रथसप्तमीला वहिनींनीं तबक स्वतः घांसलें. वाट्यांत कुंकू, हळद, अक्षता. एका वाटींत अख्खी सुपारी, गणपति म्हणून. चुन्याची वाटी सूनबाईनें पुढें केली, तेव्हां त्या म्हणाल्या, “ती राहूं दे रिकामी. चुना कुंकवांत आहेच.”

बायका जमल्या. वहिनी नेहमींप्रमाणें माजघराच्या दाराशीं जाऊन उभ्या राहिल्या. सूनबाई तबक घेऊन आधीं तिकडेच गेली आणि तिनें कुंकवाचें बोट उचललें. दोन जुन्या बायका एकमेकींकडे पाहूं लागल्या. वहिनींनीं कपाळ मागें घेतलें नाहीं.