हातोडी नको, चाळणी घे

आमच्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही माझ्या भाच्याला समुद्रकिनाऱ्यावर जीवाश्म शोधायची हातोडी हवी आहे. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर लोक दगड फोडून आतून शिंपल्यासारखे गोल अमोनाइट काढतात, असे व्हिडिओ तो रात्ररात्र पाहतो. "मामू, मेरेको वैसाच हातोडा होना," हे गेले दोन महिने चालू आहे.

त्याला मी आधी दगड समजावला. तिथला दगड समुद्रतळाच्या गाळाचा आहे, म्हणून त्यात प्राणी सापडतात. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. उकळत्या रसात कोण टिकणार? कोकणच्या किनाऱ्यावर गेलास तरी बहुतेक हाच काळा पाषाण आणि वर जांभा. तो फोडून खांदा दुखेल, शिवाय साध्या हातोडीची कपची उडून डोळ्यात जाईल ती वेगळीच.

आपल्याकडे जे आहे ते नदीकाठी आहे. प्रवरा, गोदावरी, घोड यांच्या काठच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत. गोदावरी खोऱ्यात अशा थरांतून 'बॉस नमाडिकस' या नामशेष रानबैलाची हाडं मिळाली आहेत. नेवासे म्हटलं की लोकांना १२९० सालची ज्ञानेश्वरी आठवते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच प्रवरेकाठी डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ मध्ये उत्खनन केलं. जवळच्या चिरकीला गुद्रुन कॉर्विनस या जर्मन बाईंनी १९६६ पासून काही वर्षं खोदकाम करून हातकुऱ्हाडी बाहेर काढल्या. आदिमानवाने जास्पर, चर्ट, अकीक असे दगड फोडून केलेली त्यानंतरच्या काळातली लहान हत्यारंही या परिसरात मिळाली. हो, अकीक. आमच्या दादांच्या बोटात चांदीत बसवलेला असायचा, तोच.

म्हणजे इथे फोडायचं काही नाही, निरखायचं आहे. त्या हिशोबाने मी सामान जमवलं. जाड तळाचे बूट आधी, कारण काठावर वेडी बाभूळ आहे आणि तिचा काटा चपलेतून आरपार जातो. घरातली जुनी गव्हाची चाळणी. रंगाऱ्याचा दोन इंची ब्रश, वापरून टाकलेला दातांचा ब्रश, शाळेची पंधरा सेंटिमीटरची पट्टी, वही आणि पेन्सिल (पेनाची शाई भिजली की पसरते). भिंग मात्र चांगलं घेतलं, तिथे कंजुषी केली नाही. वेळ फज्रनंतरची. कोवळं ऊन तिरकं पडतं, तेव्हा दगडावरच्या घावांच्या कडा सावलीने उठून दिसतात. दुपारी सगळे गोटे सारखेच. आणि तिथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहतात, तसं आपण धरणातून पाणी सुटणार आहे का ते विचारून मगच पात्रात उतरायचं.

हातोडी नाकारण्याचं दुसरं कारण त्याला सांगायला मला जड गेलं. नदीकाठी खणणारा माणूस दिसला की गावाला आधी गुप्तधन आठवतं. त्यात काही नवल नाही. आपल्याच जिल्ह्यात दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले होते. मागच्या हिवाळ्यात मी एकटाच गोटे पाहत होतो, तर दोन तरुण मोटारसायकल थांबवून आले. काय शोधता? सांगितलं. नाव काय? तेही सांगितलं. त्यानंतरचे प्रश्न दगडांचे नव्हते. पिशवी उलटी करून दाखवली. आत पट्टी, ब्रश, चाळणी, केळी. त्यातला एक जण ओशाळून हसला आणि केळं घेतलं. पिशवीत हातोडी आणि छिन्नी असती तर तो हसला असता का, मला माहीत नाही.

हे ऐकून भाचा म्हणाला, "व्हिडिओतल्या माणसाला कोणी नाव विचारत नाही." त्याचं म्हणणं खरं आहे. मी त्याला मेरी ॲनिंगची गोष्ट सांगितली. त्याच किनाऱ्यावरची ही गरीब सुताराची मुलगी. तिने मोठमोठे सरपटणारे प्राणी शोधून काढले, पण लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतलं ते १९१९ साली, तिच्या मृत्यूनंतर ७२ वर्षांनी. "मतलब उनको भी पूछे," एवढंच तो बोलला.

तेव्हापासून सामानात दोन कागद वाढले आहेत. एक शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र, आणि दुसरा पोलीस पाटलांना आदल्या दिवशी दिलेल्या अर्जाची पोच. हाड दिसलं तर उपटायचं नाही, असं पत्रात आम्हीच लिहून घेतलं आहे. उघडं पडलेलं जुनं हाड हात लावताच भुगा होतं, आणि कोणत्या थरात होतं हे एकदा गेलं की त्याची निम्मी किंमत गेली. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचा, जागा लिहायची, पुण्याला डेक्कन कॉलेजला कळवायचं.

घाई आहे ती वेगळ्याच कारणाने. ज्या थरांसाठी आम्ही चाळणी घेऊन जातो, ते जेसीबी रात्रीत वाळूसाठी उचलतात. मागे पाहिलेला एक काठ आता उरलेला नाही, तिथे डबकं आहे. भाच्याने त्याचा फोटो काढून वहीत तारीख घातली आणि खाली लिहिलं: थर दिसत नाही.