बाद आणि जिवंत

पुरुषांच्या कबड्डीपेक्षा मला बायकांचीच कबड्डी पाहावयास आवडते. जिल्हा अजिंक्यपदाचा सामना असला, तर विचारूच नका! १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद अंगण. एकेका बाजूस सात जणी. चढाई ३० सेकंदांची, अन् तीही एका दमात! याच दमावर २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई खेळांत आपल्या मुलींनी सुवर्णपदक मिळविले.

पण आमच्या कामणसारख्या गावात मुलीचे लग्न ठरले, की संघातली तिची जागा बहुधा रिकामी होते. प्रतिपक्षाचा गडी टिपला, की आपला बाद गडी जिवंत होतो; सासरी गेलेली खेळाडू मात्र क्वचितच. तिला उठविणारा तो एक गुण सासरच्यांनीच मिळवावयास नको का?