तिजोरीतली लाख

खामगावच्या घरी लक्ष्मीपूजनाला तिजोरी उघडली की आधी वास येतो. जुन्या कागदाचा, बिजागरीला घातलेल्या तेलाचा आणि त्या दोन्हींच्या खाली कुठेतरी धुराचा. पन्नासच्या वर वर्षं झाली, तो धूर अजून पुरता निघून गेलेला नाही.

ही तिजोरी आजोबांच्या पेढीवरची. आजोबांची कापसाची अडत होती आणि पेढी जिनिंगच्या भिंतीला लागून. तिजोरी आणली तेव्हा आठ हमालांनी ती लाकडी बल्ल्यांवरून सरकवत आत नेली, असं बाबा सांगत. दारावर कुंकवाचं स्वस्तिक, पितळी मूठ, किल्लीच्या भोकावर सरकणारी पितळी चकती. किल्ली कायम आजोबांच्या कमरेला.

त्या काळी तिजोरी पारखायची ती कानाने आणि खांद्याने. आजोबा बोटांची पेरं दारावर ठोकून बघत. पत्र्यासारखी खणखणली तर ती नुसती पेटी. भरीव, मुका आवाज आला तर दोन पत्र्यांमध्ये काहीतरी भरलेलं आहे. मग वजन, आणि मग सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र म्हणजे ऐकीव माहिती. कुठल्या आगीतून कुठली तिजोरी बाहेर निघाली, हे व्यापारी एकमेकांना सांगत. मुंबईच्या गोदीतला स्फोट तर आमच्या पेढीवर घरचीच गोष्ट असल्यासारखा सांगितला जायचा, कारण त्या बोटीत कापूस होता. 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉक, ‘फोर्ट स्टिकिन’ बोट. तिच्यात कापसाच्या गाठी, सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. आग आधी लागली ती कापसाला. मग दोन स्फोट झाले आणि गोदीच्या आसपासचा भाग पेटला. सोन्याची एक वीट तर मैलभर लांब एका घराचं छप्पर फोडून आत पडली होती. त्या दिवशी 66 अग्निशामक जवान गेले. त्यांच्यासाठीच 14 एप्रिल आजही अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्या आगीतून काढलेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत निघाला, हे ती कंपनी पुढे कित्येक वर्षं अभिमानाने सांगत आली. आमच्याकडचे व्यापारी ते पाठच म्हणून दाखवत.

आमच्यावर पाळी आली 1968 च्या उन्हाळ्यात. मी नऊ वर्षांची. रात्री जिनिंगमध्ये रुई पेटली आणि पहाटेपर्यंत पेढीचे वासे, माळा, गाद्या, सगळं बसलं. सकाळी आम्ही पोरं बघायला गेलो, तर वाकड्या झालेल्या पत्र्यांच्या ढिगाऱ्यात तिजोरी काळी ठिक्कर पडून उभी होती. रंगाचे पापुद्रे सुटलेले, मूठ वितळून खाली ओघळलेली.

सगळ्यांना घाई झाली होती. गहाणखतं आत, खतावणी आत, आजीच्या पाटल्या आत. दुपारपर्यंत कुणीतरी लोहारालाही बोलावून आणलं. आजोबा तिजोरीपुढे उभे राहिले आणि हात लावू देईनात. तळहात नव्हे, पालथा हात दारापाशी नेऊन बघितला. म्हणाले, “लोखंड गार झालं म्हून आतलं गार झालं असं नसते. गाठ पाह्यली नाही का कधी? वरून पांढरी, आतून इंगळ.”

कापसात आयुष्य गेलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. पेटलेली गाठ वरून विझवली तरी आत दोन-दोन दिवस धुमसत राहते, आणि उघडली की वारा मिळून पुन्हा भडकते. तिजोरीचंही तसंच. आत तापून बसलेल्या कागदांना एकदम हवा मिळाली तर जे आगीत वाचलं ते दार उघडल्यावर जळतं. 1906 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंपानंतर शहर जळालं, तेव्हा तिथल्या बँकांना याच भीतीने आपल्या तळखोल्या कित्येक दिवस उघडता आल्या नव्हत्या. हे मी फार पुढे वाचलं. आजोबांनी ते वाचलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी लोहाराने कुलूप कापलं. दाराच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब घरंगळत होते. मला वाटलं, बंबाचं पाणी आत शिरलं. कागद ओलसर, कडा तपकिरी, पण शाई वाचता येत होती. पाटल्या जशाच्या तशा. नासलं ते दोनच: आजी-आजोबांचा लग्नातला फोटो मागच्या पुठ्ठ्याला असा चिकटला की सोडवताना आजीचा चेहराच निघून आला, आणि गहाणखतांवरचे लाखेचे शिक्के वितळून पसरले, कागदाला कागद चिकटून बसले.

ती लाख मला तेव्हा नुसता लाल डाग वाटली. तो आतल्या उष्णतेचा पुरावा होता, हे कळायला पन्नास वर्षं लागली.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या फ्लॅटसाठी छोटी तिजोरी घ्यायला मी एका दुकानात गेले. विक्रेता मुलगा मोठा तत्पर होता. बोटाचा ठसा, आकड्यांचं कुलूप, मोबाइलवर येणारा इशारा, सगळं दाखवलं. “फायरप्रूफ आहे, मॅडम.” मी विचारलं, किती मिनिटं? तो गप्प. मग मी आजोबांसारखं ठोकून पाहिलं. खण्ण. आत डोकावले तर भिंत एकाच पत्र्याची, तळाला बोल्टसाठी आरपार भोकं. नुसतं पोलाद आग थोपवत नाही, ती आत पोचवतं. चोराला अडवणं आणि आगीला अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं येतं म्हणून दुसरंही येतं असं सांगून विकणं हा माझ्या मते सरळ अन्याय आहे. लोक त्यात घराचं मूळ खरेदीखत ठेवतात.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. आज तिजोरीची आगीतली परीक्षा भट्टीत घेतात. तासाभरात भट्टी नऊशे अंशांच्या वर जाते. काही चाचण्यांत तापलेली तिजोरी तीस फुटांवरून ढिगाऱ्यावर टाकतात, कारण वरच्या मजल्यावरची तिजोरी मजला कोसळला की खालीच येणार. मग पुन्हा भट्टीत. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: भट्टी बंद केल्यावर लगेच दार उघडत नाहीत. तिजोरी आतच निवू देतात आणि तोवर आतलं तापमान मोजत राहतात, कारण विस्तव विझल्यावरही भिंतीत मुरलेली उष्णता आत सरकत असते. आजोबांचे चार दिवस असे शास्त्रात सापडले.

दारामागचे थेंबही उमगले. दोन पत्र्यांमधल्या भरावात जिप्सम किंवा तसलंच काही असतं. शंभर किलो जिप्सममध्ये जवळजवळ एकवीस किलो पाणी स्फटिकात बांधलेलं असतं. आग लागली की ते सुटतं, त्याची वाफ होते आणि या वाफेत बरीचशी उष्णता खर्ची पडते. म्हणजे तिजोरीच स्वतःतलं पाणी देऊन कागद वाचवते. आजीचा चेहरा त्याच वाफेने गेला.

आणि लाख. लाख ऐंशी अंशांच्या आसपास वितळते. कागद करपू नये म्हणून अमेरिकेच्या यूएल मानकात आतलं तापमान 177 अंशांच्या पुढे जाऊ देत नाहीत. म्हणजे आमच्या तिजोरीत त्या रात्री पारा ऐंशीच्या वर गेला, पण कागद करपण्याच्या बराच अलीकडे थांबला. सोन्याला तर 1064 अंश लागतात, त्याची काळजीच नव्हती.

आता मी तिजोरीत काय ठेवते? खरेदीखत, सोसायटीचं भागपत्र, थोडं सोनं आणि एक पेन ड्राइव्ह. घरातले सगळे जुने फोटो त्यात. त्याच मानकात फ्लॉपीसारख्या साधनांसाठी मर्यादा 52 अंशांची आहे, शिवाय आतला दमटपणाही ठरावीक मर्यादेतच हवा. आजोबांची तिजोरी, जिने सगळी पेढी वाचवली, ती माझा पेन ड्राइव्ह वाचवू शकली नसती. हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, जणू तिचा अपमान केला.

पण खरं ते खरं. जुनी जड तिजोरी भंगारबाजारातून आणून आगीपासून निर्धास्त होणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, तसं करू नका. भरावातलं पाणी दशकांनुदशकं सुकत जातं, दाराच्या फटी रुंदावतात, आणि एका आगीतून गेलेली तिजोरी दुसऱ्या आगीला रिकाम्या हाताने सामोरी जाते. आमचीही तशीच आहे. नवीन घेताना वजनाला भुलू नका. चाचणीचं लेबल बघा, त्यावर मिनिटं बघा, आणि ती मिनिटं कागदासाठी आहेत की संगणकाच्या साधनांसाठी, ते बघा. 21 जून 2012 ला मंत्रालय जळालं तेव्हा दूरदर्शनवर त्या खिडक्या बघताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त फायली होत्या. कुणाच्या जमिनीचा, कुणाच्या पेन्शनचा कागद त्या कपाटांत असेल, आणि कपाटं तरी कसली, नुसती पत्र्याची.

शेवटी दुसऱ्या दुकानात साठ मिनिटांचं लेबल असलेली घेतली. ठोकली तर आवाज मुका आला, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. तिच्यात कागद ठेवले. पेन ड्राइव्हची एक प्रत भावाकडे नागपूरला दिली.

गेल्या दिवाळीत खामगावला दोघांनी मिळून जुनी तिजोरी उघडली. खालच्या खणात ती दोन गहाणखतं अजून तशीच आहेत, लाखेने एकमेकांना धरून बसलेली. कर्ज केव्हाच फिटलं, घेणारे-देणारे दोघेही गेले. भाऊ म्हणाला, “वाफेवर धरू, सुटतील.”

मी म्हटलं, राहू दे.