कुंपणाच्या आतली भाषा



भाषाविज्ञानाच्या प्राध्यापिकेने स्वतःची चूक सांगायची ठरवली, तर ती एखाद्या व्युत्पत्तीची असेल, असे आपणांस वाटेल. मी सांगणार आहे ती चूक एका पाटीसंबंधीची आहे. ती पाटी मी वाचली होती, तिचा अर्थही मला कळला होता. तरी मी ती मानली नाही.

काही वर्षांपूर्वी मी कॅलिफोर्नियात भाचीकडे गेले होते. तिच्या घराजवळ कुत्र्यांसाठी राखलेली एक बाग होती. अमेरिकेतील बहुतेक शहरांत सार्वजनिक जागी कुत्र्याला दोरी लावूनच न्यावे लागते. त्याला मोकळेपणी धावता यावे म्हणून कुंपण घातलेल्या अशा बागा असतात. आत गेल्यावर दोरी सोडता येते. बर्कली येथे १९७९ मध्ये सुरू झालेली ओलोनी बाग ही त्या देशातील अशा पहिल्या बागांपैकी एक मानली जाते. या बागांना बहुधा दोन फाटके असतात. मागचे लावल्याखेरीज पुढचे उघडायचे नाही, म्हणजे कुत्रा निसटून रस्त्यावर जात नाही. भाचीकडच्या बागेत त्या दोन फाटकांच्या मध्येच नियमांची पाटी होती. लहान मुलांना आत आणू नये, असे तीवर लिहिले होते.

भाचीचा मुलगा तीन वर्षांचा. घरच्या कुत्र्याबरोबरच तो वाढला होता. पाटीपाशी भाची थबकली. “मावशी, आपण दोघं बाहेर बसू या का?” तिने विचारले. “अगं, मी आहे ना त्याच्याजवळ,” मी म्हणाले, “मुलांनी प्राण्यांवर प्रेम करायला शिकायचं तरी कुठे?”

आत जाऊन पाच मिनिटेही झाली नसतील. एका वृद्ध बाईंच्या पायाशी मोठा तपकिरी कुत्रा उभा होता. मुलगा आनंदाने किंचाळत धावला, त्याच्या गळ्यात हात टाकले आणि त्याच्या डोळ्यांत पाहू लागला. कुत्र्याने मान वळवली. नाकावरून जीभ फिरवली. मग जांभई दिली. “बघ, किती शांत आहे!” असे मी म्हणते आहे तोच तो गुरगुरला आणि त्याचे दात मुलाच्या गालाजवळ हवेतच मिटले. भाचीने धावत येऊन मुलाला उचलले. जखम झाली नाही. मी मात्र त्या बाईंवर संतापले. त्यांनी कुत्र्याला दोरी लावली आणि शांतपणे एवढेच म्हटले, “त्याने तीन वेळा सांगितले होते.”

संप्रेषणासाठी दोन्ही बाजूंना समान संकेतव्यवस्था ठाऊक असावी लागते, हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवत आले आहे. मान वळवणे, ओठ चाटणे, अवेळी जांभई देणे या कुत्र्याच्या अस्वस्थतेच्या खुणा असू शकतात. माणसाच्या जांभईचा अर्थ मी त्याच्या जांभईवर लादला. मुलाकडूनही तेच घडले. मिठी म्हणजे माया आणि डोळ्यांत पाहणे म्हणजे विश्वास, हा माणसांचा कोश झाला. अनोळखी कुत्र्याला गळ्याभोवतीचे हात ही अडवणूक आणि रोखलेली नजर हे आव्हान वाटू शकते. चार्ल्स डार्विनने भावनांच्या आविष्कारावरील आपल्या १८७२ च्या ग्रंथात ताठ शरीर, उभारलेली शेपटी आणि रोखलेली नजर यांची नोंद कुत्र्याच्या वैरभावाची चिन्हे म्हणून केली आहे.

आपली मराठीही येथे अर्धीच साथ देते. भुंकणे, गुरगुरणे, केकाटणे, विव्हळणे असे आवाजांसाठी नेमके शब्द तिच्यापाशी आहेत. शेपटीचे वाक्प्रचार मात्र माणसांसाठी घडलेले आहेत. ‘शेपूट हलवणे’ म्हणजे खुशामत करणे. पण कुत्र्याची ताठ शेपटी हलते तेव्हा ती केवळ उत्तेजितपणाही दाखवत असेल. ‘शेपूट घालणे’ म्हणजे माघार घेणे. पण भ्यालेल्या कुत्र्याला माघारीची वाट उरली नाही, तर तोच चावू शकतो.

माझे मत आता स्पष्ट आहे. दोरी सोडलेल्या कुत्र्यांच्या बागेत लहान मुलांना नेऊ नये. तेथे अनेक अनोळखी कुत्रे एकाच वेळी धावत असतात, आणि मुलाचा चेहरा नेमका त्यांच्या तोंडाच्या उंचीवर असतो. लहान मुलांना डोक्याला व मानेला इजा होण्याचा धोका प्रौढांपेक्षा अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. शिवाय ती बाग कुत्र्यांसाठी आहे. दिवसभर आपल्या नियमांनी वागलेल्या त्या प्राण्याला तासभर आपल्या भाषेत वावरू देणे, एवढाच तिचा हेतू असतो.

आपण विचाराल, घरी एकट्या असलेल्या आईने मूल आणि कुत्रा या दोघांचे करायचे काय? तिची अडचण खरी आहे. पाटी लिहिणाऱ्याने तिचा विचार केलेला नसतो. अशा वेळी दोरी लावून दोघांना फिरवणे आणि बागेतला तास मुलाला सांभाळणारे कोणी असेल तेव्हासाठी ठेवणे, एवढेच मला सुचते. त्या दिवशी तर मुलाला बाहेर घेऊन बसायला मी होते. तरी मी त्याला आत नेले.

पुढचे काही दिवस आम्ही दोघे कुंपणाबाहेरच्या बाकावर बसत असू. “तो काय म्हणतो आहे?” असे मी एकेका कुत्र्याकडे बोट दाखवून विचारी. सुरुवातीला प्रत्येक उत्तर “खेळायला ये म्हणतो” हेच असे. माझ्या परतीच्या आदल्या दिवशी एक पिल्लू एका म्हाताऱ्या कुत्रीभोवती उड्या मारत होते. तिने हळूच मान वळवली. मी काही विचारण्याआधीच मुलगा म्हणाला, “मावशीआजी, तिला नको आहे.”